शर्यत कोणासाठी

जुलै १९२३. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट इथे इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात मैदानी स्पर्धा चालू होत्या. ४४० यार्डांच्या शर्यतीत पिस्तुलाचा बार झाला आणि पहिल्या काही पावलांतच स्कॉटलंडचा एक तरुण धक्का लागून खाली पडला. तो उठेपर्यंत बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे निघून गेले होते. एवढ्याशा शर्यतीत वीस यार्ड मागे पडणे म्हणजे हरल्यातच जमा. तरी तो उठला, धावला, एकेकाला गाठत पहिला आला आणि रेषा ओलांडताच कोसळला. हा तरुण एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकत होता. आईवडील चीनमध्ये मिशनरी होते, जन्मही तिथलाच, तिएन्त्सिन शहरातला. नाव एरिक लिडल.

ख्रिस्ती उपदेशकांना ही गोष्ट फार आवडते. पडलास तरी ऊठ, मागे राहिलास तरी धाव, प्रभू तुला यश देईल, असा तिचा बोध सांगितला जातो. ऐकणाऱ्याला धीर येतो, हेही खरे. पण लिडल त्या दिवशी उठून धावला असता आणि तरीही शेवटचा आला असता, तर हा बोध सांगता आला असता का? शिवाय पडून उठण्याची जिद्द काही श्रद्धावंतांचीच मिरास नाही. देवाचे नावही न घेणारे कितीतरी धावपटू तेवढ्याच चिकाटीने उठतात आणि जिंकतात. मग खेळाडूच्या चिकाटीतून ख्रिस्ती श्रद्धेने नेमके काय घ्यायचे? ही तुलना ख्रिस्ती परंपरेत रुजवली ती प्रेषित पौलाने. त्यामुळे उत्तराचा शोधही त्याच्यापासूनच सुरू करावा लागतो.

पौल करिंथात दीड वर्ष राहिला, असे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. त्या काळात गल्लियो हा तिथला रोमन अधिकारी होता. त्याच्या नावाचा शिलालेख डेल्फी इथे सापडल्यामुळे पौलाचा मुक्काम इ.स. ५० ते ५२ च्या सुमाराचा ठरवता येतो. करिंथापासून जवळच इस्थमिया इथे समुद्रदेव पोसायडनच्या नावाने दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. ऑलिंपियाच्या खालोखाल ज्या खेळांचा मान होता, त्यांपैकी हे एक. इ.स. ५१ च्या खेळांच्या वेळी पौल करिंथातच असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. गावोगावचे लोक तिथे लोटत. धावणे, कुस्ती, मुष्टियुद्ध, रथांच्या शर्यती चालत. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पाइनच्या डहाळीचा मुकुट ठेवत. त्याआधीच्या काही शतकांत तर रानटी सेलरीच्या सुकलेल्या पाल्याचा मुकुट असे. चार दिवसांत वाळून जाणाऱ्या त्या पाल्यासाठी माणसे महिनोन्महिने घाम गाळत. ऑलिंपियात उतरणाऱ्यांना तर सलग दहा महिने नियमाने सराव केल्याची शपथ घ्यावी लागे.

हे सारे करिंथकरांच्या डोळ्यांसमोरचे होते. म्हणून पौलाने त्यांना पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटूचे आणि मुष्टियोद्ध्याचे उदाहरण दिले. धावतात सगळे, बक्षीस एकाला मिळते. खेळाडू नाशवंत मुकुटासाठी एवढा संयम पाळतो, तर अविनाशी मुकुटाची आशा धरणाऱ्यांनी किती पाळावा, असा त्याचा आशय. आपण दिशाहीन धावत नाही, हवेत ठोसे मारत नाही, शरीराला ताब्यात ठेवतो, असेही तो सांगतो. शाळेच्या क्रीडादिनापासून तरुण मंडळाच्या शिबिरापर्यंत हा उतारा वाचला जातो. मात्र तो बहुतेक वेळा एकटाच वाचला जातो. त्याच्या आधी काय आहे, ते वगळले जाते.

आधी आहे एक भांडण. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही, यावर करिंथच्या मंडळीत दोन तट पडले होते. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा खायला हरकत नाही, असे समजदार म्हणवणाऱ्यांचे म्हणणे. ज्यांचे मन अजून कच्चे होते, त्यांना मात्र ते मांस खाणारे पाहून ठेच लागत होती. पौल म्हणतो की खाण्याचा हक्क आहे. पण त्या हक्कामुळे माझा भाऊ पडणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. नवव्या अध्यायात तो स्वतःचेच उदाहरण देतो. शुभवर्तमान सांगणाऱ्याने मंडळीकडून निर्वाह घेणे रास्त आहे, तरी करिंथात त्याने तो घेतला नाही. अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू शिवून त्याने पोट भरले. जमेल तितके लोक तरावेत म्हणून आपण सर्वांचे दास झालो, असे सांगितल्यावर लगेच धावपटू येतो.

म्हणजे पौलाचा खेळाडू आपल्या हक्काच्या गोष्टी सोडतो. आवडते खाणे, झोप, सुखाच्या सवयी यांवर तो पाणी सोडतो. पौलाला त्यातली ही सोडण्याची शिस्त हवी आहे आणि तिचा उपयोग दुबळ्या भावासाठी व्हायला हवा आहे. एपिक्टेटस आणि सेनेका यांच्यासारखे त्या काळचे तत्त्वज्ञही खेळाडूचे दाखले देत. त्यांच्या दृष्टीने मनाला वश करून अविचल होणे हा त्या शिस्तीचा शेवट. पौल तिथे थांबत नाही. ज्याने मनाला वश केले त्याने आता दुसऱ्याचा भार उचलावा, ही त्याची पुढची पायरी.

पुढच्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी ही तुलना अक्षरशः रक्ताने लिहिली. १७७ मध्ये लियों शहरात छळ झाला, तेव्हा ब्लांदिना नावाच्या दासीला श्वापदांपुढे टाकले. तिथल्या मंडळीने पाठवलेले पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवले आहे. त्यात या दुबळ्या शरीराच्या दासीला थोर खेळाडू म्हटले आहे. २०३ मध्ये कार्थेज इथे पर्पेतुआ ही तरुण आई तुरुंगात होती. रिंगणात जाण्याच्या आदल्या दिवशी तिने स्वप्न पाहिले: एका राकट मल्लाशी आपण कुस्ती खेळतो आहोत, त्याला चीत केले आहे आणि बक्षीस म्हणून सोन्याची सफरचंदे लगडलेली डहाळी मिळाली आहे. दुसऱ्या दिवशी ती मारली गेली. त्याच कार्थेजच्या तर्तुल्यनाने रोमन खेळतमाशांवर कडक टीका करणारा ग्रंथ लिहिला, आणि तुरुंगातल्या ख्रिस्ती बंदिवानांना धीर देताना मात्र खेळाडूंच्या कठोर तालमीचाच दाखला दिला. जिथे ख्रिस्ती लोक मारले जात त्या जागेचा त्यांना तिटकारा होता; तालमीचा नव्हता. या सगळ्यांत जगाच्या हिशेबाने जिंकलेले कोणीच नव्हते.

हा अर्थ एकोणिसाव्या शतकात बराच बदलला. इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्जली आणि टॉमस ह्यूज यांच्या लेखनातून एक नवा आदर्श पुढे आला: धडधाकट, धीट, मैदान गाजवणारा ख्रिस्ती तरुण. त्यातून चांगल्या गोष्टी निपजल्या, हे नाकारता येत नाही. शरीराला पापाचे घर समजणाऱ्या धर्मबुद्धीला त्याने शह दिला. वायएमसीएच्या स्प्रिंगफील्ड इथल्या प्रशिक्षण शाळेत १८९१ मध्ये धर्मशास्त्र शिकलेल्या जेम्स नेस्मिथने बास्केटबॉलचा खेळ बसवला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या छोट्या भारतीय चमूबरोबरही तेच होते. पण या आदर्शाबरोबर यशस्वी, बलवान, राज्यकर्ता असा माणूसच देवाला जवळचा, अशी समजूतही चोरपावलांनी आत शिरली. ब्लांदिना दासीला त्या चित्रात जागा उरली नाही.

लिडल त्याच वातावरणात वाढला. मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच्या शाळेत तो रग्बी आणि धावणे शिकला, पुढे स्कॉटलंडच्या रग्बी संघाकडून सात सामने खेळला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे पदक त्याचे ठरल्यासारखेच होते. वेळापत्रक आले तेव्हा प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलैला असल्याचे कळले. प्रभूच्या दिवशी धावणार नाही, असे त्याने सांगितले. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटात हे त्याला पॅरिसला निघताना बोटीवर चढतेवेळी कळते. प्रत्यक्षात निर्णय काही महिने आधीच झाला होता. त्याने दोन्ही रिले शर्यतीही सोडल्या आणि हाताशी असलेला वेळ ४०० मीटरच्या सरावात घातला. त्या रविवारी पॅरिसच्या स्कॉटिश चर्चमध्ये त्याने उपदेश केला. २०० मीटरमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले. ११ जुलैला सगळ्यात बाहेरच्या लेनमधून तो ४०० मीटर धावला. त्या लेनमधून बाकीचे धावपटू दिसत नाहीत. त्याने पहिल्यापासूनच सगळा जोर लावला आणि ४७.६ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक जिंकले.

पुन्हा तोच सुलभ बोध तयार: देवासाठी एक पदक सोडले, देवाने दुसरे दिले. या हिशेबात देव सावकार होतो आणि त्याग ठेवीसारखा होतो. नाकारल्याबद्दल भरपाई मिळणार, अशी कोणतीही हमी लिडलला तेव्हा नव्हती. ४०० मीटर हे त्याचे खरे अंतरही नव्हते. तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला नसता, तरी रविवारचा नकार तेवढाच मोलाचा राहिला असता.

हा सोपा हिशेब किती ठिसूळ आहे, ते जोनाथन एडवर्ड्स या ब्रिटिश खेळाडूच्या आयुष्यात दिसते. हा पाळकाचा मुलगा. लिडलसारखाच रविवार पाळणारा. १९९१ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत तिहेरी उडी रविवारी होती, म्हणून त्याने भाग घेतला नाही. १९९३ मध्ये त्याने विचार बदलला. १९९५ मध्ये गॉथेनबर्ग इथे त्याने १८.२९ मीटर उडी मारली. तो विक्रम तीन दशके टिकला. २००० मध्ये सिडनीला त्याने सुवर्णपदक जिंकले. आपल्या यशाचे श्रेय तो मोकळेपणाने देवाला देत असे. बीबीसीवरचा भक्तिगीतांचा कार्यक्रमही सादर करत असे. निवृत्तीनंतर मात्र त्याची श्रद्धा उरली नाही आणि २००७ मध्ये त्याने हे जाहीरपणे सांगितले. देवावरच्या भरवशाने स्पर्धेत आपल्याला केवढे मानसिक बळ दिले, हे त्याला आता वेगळ्या दृष्टीने दिसू लागले होते.

एडवर्ड्सचे बोलणे प्रामाणिक आहे आणि त्याच्या मनाचा न्याय करण्याचा अधिकार कोणाला नाही. त्याच्या अनुभवाने ख्रिस्ती मंडळ्यांपुढे ठेवलेला प्रश्न मात्र टाळता येणार नाही. श्रद्धा हे जिंकण्याचे इंधन आहे, असे तरुण खेळाडूंना सतत सांगितले, तर खेळ संपल्यावर त्या इंधनाचे काय करायचे? पदकाच्या मंचावरून आभाळाकडे बोट दाखवणाऱ्या खेळाडूची साक्ष मंडळ्यांना हवीहवीशी वाटते. पात्रता फेरीतच बाद झालेल्या खेळाडूला साक्ष द्यायला कोणी बोलावत नाही. चिकाटीची कसोटी लागते ती त्या दुसऱ्याच्या आयुष्यात.

लिडलच्या बाबतीत ती पॅरिसनंतर लागली. १९२५ मध्ये, कीर्ती शिखरावर असताना, तो चीनला परतला आणि तिएन्त्सिनच्या कॉलेजात विज्ञान शिकवू लागला. १९३४ मध्ये फ्लॉरेन्स मॅकेन्झी हिच्याशी त्याचे लग्न झाले. पुढे तो शिआओचांग या खेड्याच्या भागात कामाला गेला. जपानी सैन्य आणि चिनी फौजा यांच्या कात्रीत तिथले शेतकरी पोळत होते. १९४१ मध्ये धोका वाढला, तेव्हा त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी त्याने कधी पाहिली नाही. मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला इतर परदेशी नागरिकांबरोबर वेइश्येनच्या छावणीत डांबले.

तटाआडच्या त्या आवारात दीड हजारांवर माणसे दाटीवाटीने राहत होती. त्यांत आईवडिलांपासून तुटलेली मिशनरी शाळेतली मुलेही होती. लिडल त्यांना विज्ञान शिकवी, पाणी वाही, म्हाताऱ्यांची कामे करी आणि मुलांचे खेळ घेई. हॉकीच्या मोडक्या काठ्या बांधायला त्याने आपल्या चादरी फाडल्या, असे त्या मुलांनी मोठेपणी सांगितले. पहाटे उठून दिव्याच्या उजेडात शास्त्रवाचन आणि प्रार्थना हा त्याचा नेम होता. खेळाडूचा सराव त्याने असा धरून ठेवला होता. सगळी मुले त्याला ‘अंकल एरिक’ म्हणत.

छावणीत एक नियम त्याने आधी कसोशीने पाळला: रविवारी खेळ नाही. कोंडून घातलेल्या मुलांना तो दिवस खायला उठे. शेवटी एका रविवारी त्यांनी आपली आपणच हॉकी सुरू केली. पंच नव्हता. खेळ हाणामारीवर गेला. त्यानंतरच्या रविवारी मुले मैदानात आली तेव्हा पंच म्हणून लिडल हजर होता. ज्या दिवसासाठी त्याने जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीवर पाणी सोडले, त्याच दिवशी तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी मैदानात उभा राहिला.

याला काहीजण तडजोड म्हणतील. करिंथकरांस पत्राचा आठवा आणि नववा अध्याय सलग वाचणाऱ्याला तसे वाटणार नाही. पॅरिसमध्ये लिडलने स्वतःचा लाभ सोडला. छावणीत त्याने स्वतःच्या शुचितेचा अभिमान सोडला, आणि धर्मनिष्ठ माणसाला हे दुसरे सोडणे बहुधा अधिक जड जाते. पदक हातचे गेले तरी लोक वाखाणतात. नियम सोडणाऱ्याकडे मात्र त्याच्याच पंथाचे लोक भुवया उंचावून पाहतात. दोन्ही वेळी त्याला जमले, कारण कधी ठाम राहायचे आणि कधी वाकायचे, हे ठरवणारे माप एकच होते. पॅरिसमध्ये त्याच्या धावण्यावर कोणाचा जीव अवलंबून नव्हता. वेइश्येनमध्ये मुले एकमेकांची डोकी फोडत होती. चिकाटी म्हणजे एकदा घेतलेली भूमिका मरेपर्यंत न बदलणे, असा अर्थ केला तर हा दुसरा लिडल अपयशी ठरतो. ज्याच्यासाठी धावतो त्याच्यावरची नजर न ढळू देणे, असा अर्थ केला तर दोन्ही रविवार एकाच शर्यतीतले आहेत.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने लिडल छावणीतच गेला. वय ४३. सहा महिन्यांनी छावणी मुक्त झाली. मृत्यूच्या काही आठवडे आधी त्याने आपले जीर्ण, दोऱ्याने बांधलेले धावण्याचे बूट स्टीफन मेटकाफ या किशोराला दिले होते. थंडीत त्याच्या पायात काही नव्हते म्हणून. शत्रूवर प्रीती करा, ही डोंगरावरील प्रवचनातली आज्ञा जपानी पहारेकऱ्यांनाही लागू आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असे तो मुलांना शिकवी. युद्ध संपल्यावर मेटकाफ मिशनरी म्हणून जपानलाच गेला आणि अनेक वर्षे तिथे राबला.

तरी या तुलनेला एक मर्यादा आहे आणि ती मांडल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. शर्यतीत बक्षीस कमवावे लागते. ख्रिस्ती शिकवणीचा गाभा मात्र असा, की तारण कमावता येत नाही. ते कृपेने मिळते. हा पौलाचाच आग्रह आहे. फिलिप्पैकरांस पत्रात त्याने दोन्ही एकत्र आणले आहे: ख्रिस्ताने आपल्याला ज्यासाठी धरले आहे, ते धरायला आपण धावतो. बक्षीस देणाऱ्याने धावणाऱ्याला आधीच आपले म्हटले आहे. अशा शर्यतीत शेजारच्याला मागे टाकण्याचे कारणच उरत नाही. त्याला हात द्यायला थांबले तरी काही गमावत नाही.

या अर्थाने पाहिले तर ज्यांचा मैदानाशी कधी संबंध आला नाही, अशी माणसेही पौलाच्या धावपटूंत मोडतात. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत देश पायी तुडवलेल्या, दुष्काळात त्यांना गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये निराधार स्त्रियांना आसरा दिला. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ मध्ये, लिडल पॅरिसला धावला त्याच वर्षी, पूर्ण छापून निघाले. ज्यांना वाचता येऊ लागले होते त्या मुक्तीतल्या स्त्रियांच्या हाती ते पडावे, हा त्या श्रमांमागचा हेतू.

इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय ख्रिस्ती शर्यतीचा दुसरा मोठा उतारा. साक्षीदारांचा मेघ भोवती आहे, तेव्हा ओझे टाकून धीराने धावा, हे त्याचे पहिले वचन मंडळ्यांच्या वार्षिक अहवालांवर आणि शिबिरांच्या फलकांवर झळकते. हे पत्र दमलेल्या, सोडून जाण्याच्या बेतात असलेल्या लोकांना लिहिलेले आहे. म्हणून त्याच अध्यायात, दहा-अकरा वचनांनंतर, लेखक गळालेल्या हातांकडे आणि लटपटणाऱ्या गुडघ्यांकडे वळतो. वाट सरळ करा, म्हणजे लंगडणाऱ्याचा पाय आणखी निखळणार नाही, तो बरा होईल, असे तो सांगतो. ही आज्ञा बाकीच्या धावणाऱ्यांना आहे. मंडळीत असे लंगडणारे आज कितीतरी आहेत: अंथरुणाला खिळल्यामुळे उपासनेला येऊ न शकणारी वृद्ध विधवा, नोकरी गेल्यापासून लोकांत मिसळायला लाजणारा बाप, शंका बोलून दाखवली म्हणून बाजूला पडलेला तरुण, एडवर्ड्ससारखा श्रद्धाच सुटलेला माणूस. क्रीडादिनाच्या उपासनेत धावा म्हणणारे पहिले वचन वाचले जाते, तेव्हा बारावे आणि तेरावेही वाचले जावे. आणि त्यानंतरच्या आठवड्यात पाळकाबरोबर मंडळीतल्या दोघातिघांनी त्या विधवेच्या घरी जावे, त्या तरुणाचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकून घ्यावे.